चंद्राची परतफेरी

एकच यान चंद्रावर न्यायचं, परत आणायचं आणि इंधन भरून पुन्हा पाठवायचं, हे जमेल का? जमेल. फक्त पंखांची हौस सोडावी लागेल.

शटल या नासाच्या पंखवाल्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या यानाकडे बघून अनेकांना वाटायचं, थोडं आणखी रेटलं की चंद्र! पण कक्षेत पोहोचलेल्या शटलकडे वेग सेकंदाला जेमतेम 300 मीटरने बदलण्यापुरतं इंधन उरायचं. चंद्राकडे निघायला मात्र सेकंदाला 3 किलोमीटरहून जास्त बदल लागतो. शिवाय पंख, शेपूट, चाकं. जिथे हवाच नाही तिथे हा सगळा संसार कशाला न्यायचा?

आता बेरीज करू. वेगातल्या बदलाचे आकडे, सेकंदाला किलोमीटरमध्ये: पृथ्वीची कक्षा सोडायला 3.1, चंद्राच्या कक्षेत शिरायला 0.9, उतरायला 1.9, वर यायला 1.9, घरी निघायला 0.9. झाले 8.7. उत्तम हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिन धरलं, तरी इंधनाविना 10 टन भरणाऱ्या यानाला 60 टनांवर इंधन हवं. म्हणजे फुकट वागवलेल्या प्रत्येक किलोमागे सहा किलो.

आणि हे पृथ्वीशी ब्रेक हवेनेच लागतील असं धरून. ती हवाही काही फुकट मदत करत नाही. चंद्रावरून येणारं यान सेकंदाला 11 किलोमीटरने आदळतं. पृथ्वीच्या कक्षेतून उतरणारं 7.8ने. गतिज ऊर्जा दुप्पट. अपोलोचं उष्णतारोधक कवच स्वतः जळून, झिजून यान वाचवायचं, म्हणजे एका फेरीचंच. 2022मध्ये आर्टेमिस-1 या नासाच्या चांद्रमोहिमेतल्या ओरायन यानावर तर आत कोंडलेल्या वायूने कवचाला तडे गेले, जळके तुकडे सुटले. वरच्या विरळ हवेत अनेकदा हलकी बुडी मारून वेग टप्प्याटप्प्याने उतरवता येईल. मग कवचावर ताण कमी. मात्र दर बुडीमागे पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे ओलांडावे लागतात. माणसं आत असतील तर हा सौदा महागच.

म्हणून एकाच यानाकडून सगळं करून घेण्याचा हट्ट मला पटत नाही. अपोलोनेही चंद्रावर उतरणारं यान वेगळं ठेवलं होतं. चंद्राच्या कक्षेतून खाली-वर करणारं यान वेगळं ठेवलं, तर त्याला कवच लागतच नाही. त्याची फेरी 3.8मध्ये उरकते. इंधन कक्षेतल्या टाकीतून. उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन तिथे महिनोन्‌महिने टिकवणं अवघड, म्हणून काही जण मिथेन पसंत करतात.

उरते देखभाल. शटलची मुख्य इंजिनं उड्डाणानंतर काढून तपासली जात. उतरताना इंजिनाच्या झोतानेच उडालेली, काचेच्या कणांसारखी धारदार चांद्रधूळ झडपांत आणि सांध्यांत शिरली, तर ते इंजिन कक्षेत उघडणार कोण?