शिंद्यांच्या गावातून होळकरांच्या गावात

आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात इंदूरचं नाव निघालं की कोणी ना कोणी म्हणतंच, "व्यापाऱ्यांचं गाव ते. शेव खायची आणि भाव बोलायचे." मी लहानपणापासून हेच ऐकत आले. किल्ला आमचा, तानसेन आमचा, ख्यालाचं आद्य घराणं आमचं, मग इंदूरकडे उरलं काय? माघात मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, नातवाची मुंज होती, त्या निमित्ताने इंदूरला रामबागेत तीन दिवस राहिले. आधीही गेले होते, पण सकाळी जाऊन रात्री परत, लग्नाच्या हॉलपुरती. गाव पाहिलं ते या वेळी.

ग्वाल्हेर आणि इंदूर ही दोन्ही गावं एकाच आग्रा-मुंबई रस्त्यावरची, मध्ये साधारण पाचशे किलोमीटर. मोटारीने जाणार असाल तर पहाटे निघा आणि शिवपुरी, गुना, ब्यावरा उजेडात मागे टाका. मी जाताना रात्रीच्या गाडीने गेले, बर्थवर झोपले आणि सकाळी इंदूरला उतरले. येताना तिकीट मिळालं नाही म्हणून खासगी स्लीपर बसने आले, ती साडेतीन तास उशिरा पोचली आणि वाटेत बायकांसाठी धड थांबलीही नाही. लग्नामुंजींच्या दिवसांत दोन्हीकडची रेल्वेची तिकिटं एकदमच काढून ठेवा.

पहिल्याच सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी आली. गाणं वाजवत येते, त्यामुळे कोणाला हाक मारावी लागत नाही. ताईची दहा वर्षांची नात डबे घेऊन धावली. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, जुने सेल आणि बल्बसुद्धा वेगळे. मी संत्र्याची सालं कागदासकट टाकायला गेले, तर तिने माझा हात धरला. "आजी, कागद इकडे." गाडीवाल्यानेही डब्यात डोकावून पाहिलं आणि मगच तो पुढे गेला. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वेळा पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतेच्या जोडीने. आमच्याकडे म्हणतात, पैसा ओतला की नंबर येतो. पैसा लागतोच, पण त्या पोरीला कागद वेगळा करायची सवय पैशाने लागलेली नाही. आमच्या लश्करातल्या महाराज बाड्याच्या चौकातल्या गल्ल्या आठवल्या आणि फार वाईट वाटलं.

नाश्त्याला पोहे. इथले पोहे फोडणीला टाकून परतत नाहीत, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम ठेवतात. त्यात बडीशेप, वरून शेव, कांदा आणि जिरावण मसाला, बाजूला जिलबी. घरचे चांगलेच असतात, पण गाडीवरचे खा आणि सकाळी नऊच्या आत खा. जिरावणाची पुडी घरी न्यायला विसरू नका.

दुपारी भाऊजींनी होळकरांचा राजवाडा दाखवला. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. दारासमोर उभे राहून ते म्हणाले, "हा तुमच्या सर्जेरावाने जाळलेला." 1801 साली दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे फौज घेऊन आले, इंदूर लुटलं आणि वाड्याला आग लावली. मी म्हटलं, "आणि पुढच्याच वर्षी हडपसरला तुमच्या यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे दोघांनाही पळवलं, ते?" भाऊजींचा चेहरा खुलला. सव्वादोनशे वर्षं झाली, तरी आम्ही दोघंही 'तुमचे' आणि 'आमचे' याच भाषेत बोलत होतो. मग त्यांनी सांगितलं, 1984 च्या दंगलीत वाडा पुन्हा जळला आणि तेव्हा जाळणारे बाहेरून आलेले नव्हते. त्यावर मला काही बोलवलं नाही. लाकडी मजल्यांकडे बघत आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

तिथून जवळच कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या आहेत. उन्हं कलताना जा, दगडाचं कोरीवकाम तेव्हा नीट दिसतं. इतवारियातलं काचमंदिर पाहण्यासारखं आहे. होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या फाटकाचं, लंडनच्या राजवाड्याच्या धर्तीवर म्हणून, फार कौतुक करतात. मला ते फाटकापुरतंच वाटलं. आमचा ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहिलेल्या माणसाने लालबागेसाठी अर्धा दिवस घालवू नये.

रात्री सराफा बाजार. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. साडेनवाच्या आधी जाऊन उपयोग नाही आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. राजवाड्यापर्यंत रिक्षाने जा, पुढे पायी. भुट्ट्याचा कीस आधी घ्या, दूध घालून शिजवलेला मक्याचा कीस तो, गरमच खायचा. थंडी असेल तर गराडू, म्हणजे एक कंद, तळून वर मसाला आणि लिंबू. उन्हाळ्यात ते मिळत नाहीत. गाडीवाला "और भिया" म्हणून सुरुवात करतो, मग पुढचा माणूस पाहुणा असो की मंत्री. ग्वाल्हेरला आम्ही आधी समोरच्याचं घराणं विचारतो.

मुंजीच्या पंगतीत भांडण रंगलं. ताईचे दीर म्हणाले, "तुमच्याकडे लोक वरातीत बंदुका उडवतात." हे खोटं नाही आणि मला त्याची लाज वाटते. मग क्रिकेट निघालं. एकदिवसीय सामन्यातले पुरुषांमधले पहिले दोनशे सचिनने आमच्या रूपसिंह स्टेडियमवर केले, 24 फेब्रुवारी 2010. लगेच उत्तर आलं, सेहवागचे 219, होळकर स्टेडियम, 8 डिसेंबर 2011. वर सी. के. नायडूंचा होळकर संघ आणि रणजीची चार विजेतेपदं! मी गाण्याकडे वळले, तर त्यांच्याकडे इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब तयार होते. तिथे मात्र मी वाद घातला नाही. ग्वाल्हेर घराण्याचं शिकले आहे, तरी खाँसाहेबांचा अतिविलंबित लयीतला मारवा राग ऐकताना घराणं आठवत नाही.

शेवटी एक आजोबा बोलले, ते मला सगळ्यात पटलं. 28 मे 1948 ला मध्य भारत हे राज्य झालं, तेव्हा जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. माझे वडील तेव्हा कारकून होते, दरवर्षी फायलींच्या पेट्यांबरोबर तेही इकडे येत. राजधानी कोणाची, यावर दोन्ही गावं आठ वर्षं भांडली आणि 1 नोव्हेंबर 1956 ला ती भोपाळला गेली. आम्हाला महालेखाकार कार्यालय मिळालं, इंदूरला लोकसेवा आयोग, दोघांनाही हायकोर्टाचं एकेक खंडपीठ. "वडील कुठे उतरायचे तुझे?" आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, रामबागेतच, कोणा देशस्थांच्या माडीवर. त्यांनी हात धुतले आणि मला दोन गल्ल्या पलीकडे घेऊन गेले. तशा तीनच माड्या उरल्यात आता. कोणती ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिन्हींसमोर थांबलो.

तेव्हा जाणाऱ्यांनी हॉटेलात उतरू नका. इंदुरात प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतं, तिथेच राहा आणि निदान एक सकाळ गल्लीत काढा. जाताना मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची मिठाई, न्या, थंडीत तिच्याहून चांगली भेट नाही.

ताई डिसेंबरात तानसेन समारोहाला येणार आहे, पहिल्यांदाच. तिला सांगून ठेवलंय, शाल दोन आण, समारोह होतो त्या हजिऱ्याच्या मैदानात पहाटे दव पडतं.