खाडीचा गाळ आणि पीएचडीची वर्कशॉप्स

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या वर्कशॉपमध्ये माती हाताला लागत नाही आणि टेस्टचा कच्चा डेटा समोर येत नाही, ते जिओमेकॅनिक्सच्या, म्हणजे माती-खडक भार कसा पेलतात याच्या अभ्यासातल्या, पीएचडीवाल्याने केलं नाही तरी चालेल.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन दिवसांचा कार्यक्रम असतो, उद्घाटन, सत्कार, मग चार-पाच लेक्चर्स आणि तीही वेगवेगळ्या विषयांवर, दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचा डेमो ज्यात सगळेजण एकच फाईल उघडून तीच बटणं दाबतात आणि सगळ्यांना सेटलमेंटचा, म्हणजे जमीन किती खचेल याचा, तोच आकडा मिळतो. पण सॅम्पल कुणी काढलं, काढताना किती डिस्टर्ब झालं, हे विचारायला वेळच उरत नाही. आयोजक मनापासून राबतात, हे मी पाहिलंय. पण चार-चार वर्षं एकाच मातीच्या मागे असलेल्या मुलामुलींना यातून नेमकं काय मिळतं?

आणि मुंबईत राहून मातीची कमतरता आहे असं थोडंच आहे! ठाणे खाडी, नवी मुंबई, उरणचा पट्टा, सगळीकडे मरीन क्ले, म्हणजे समुद्राच्या पाण्यात साचलेली मऊ चिकणमाती. शेल्बी ट्यूबमधून, म्हणजे जमिनीत दाबून माती काढायच्या पातळ नळीतून, सॅम्पल बाहेर ढकललं की काळसर करडा गाळ, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि तो खाडीचा वास. वायर सॉ त्यातून लोण्यातून जावी तशी जाते, पण मध्येच शिंपला लागला की ३८ मिमी व्यासाचं, ७६ मिमी उंचीचं सॅम्पल एका बाजूने उपटलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मग ट्रायअॅक्शियल टेस्टसाठी, म्हणजे सगळीकडून दाब देऊन मग वरून दाबत माती कशी तुटते ते बघायला, पोरस स्टोन, फिल्टर पेपर, रबरी मेम्ब्रेन, ओ-रिंग. आमच्या लॅबमधले काका मेम्ब्रेन चढवताना कुणाला बोलू देत नाहीत. त्यानंतर आतल्या पाण्याला बॅक प्रेशर देऊन सॅच्युरेशन (सगळ्या पोकळ्या पाण्याने भरणं), मग ड्रेनेज बंद करून बाहेरचं सेल प्रेशर वाढवायचं आणि आतलं पोअर प्रेशर (पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब) किती वाढलं ते बघायचं, दोन्ही वाढींचं गुणोत्तर म्हणजे स्केम्प्टनचा बी, तो साधारण ०.९५ च्या वर गेल्याशिवाय आम्ही पुढे शिअरला, म्हणजे माती तुटेपर्यंत दाबायला, जात नाही. "अगं, ०.९१ ला शिअर चालू केलंस तर तो ग्राफ मातीचा नाही, आत अडकलेल्या हवेचा," असं काका नव्या प्रत्येकाला ऐकवतात. हे कुठल्याही स्लाइडवर बघून कळत नाही, कळूच शकत नाही.

दुसऱ्या टोकाला मॉडेलवाले, म्हणजे मातीचं वागणं समीकरणांत मांडणारे. केंब्रिजमध्ये रॉस्को, स्कोफील्ड, रॉथ यांनी उभं केलेलं क्रिटिकल स्टेटचं काम, मग १९६८ चं रॉस्को आणि बरलँडचं मॉडिफाइड कॅम क्ले हे मॉडेल, त्यानंतरची सगळी वंशावळ. यात पीएचडी करणाऱ्या कित्येकांनी ट्रायअॅक्शियलचा सेल कधी उघडलेलाच नसतो आणि लॅबवाल्यांपैकी कित्येकांनी स्ट्रेस इंटिग्रेशनचा, म्हणजे मॉडेलवरून मातीतल्या ताणाचा हिशोब करणारा, कोड कधी उघडून बघितलेला नसतो. ही दोन माणसं एका टेबलावर बसवणं, हे वर्कशॉपचं खरं काम आहे असं मला वाटतं.

युरोपातल्या संशोधकांचं अॅलर्ट जिओमटेरियल्स हे नेटवर्क दरवर्षी फ्रान्सच्या आल्प्समधल्या ओसुआ गावात जमतं, आधी वर्कशॉप, त्याला जोडूनच डॉक्टोरल स्कूल, ज्याला फायनाइट एलिमेंट या गणिती पद्धतीवाल्या ओलेक झिएनकिएविच यांचं नाव दिलंय. दर वर्षी स्कूलचा एकच विषय, त्याच विषयावर सगळी लेक्चर्स, आणि त्यांचं पुस्तक करून ते इंटरनेटवर फुकट ठेवतात. म्हणजे पवईच्या हॉस्टेलवर बसून तुम्ही ते वाचू शकता, व्हिसा नको की विमानाचं तिकीट नको. पण वाचून जेवणाच्या टेबलावरची भांडणं मिळत नाहीत, डोंगरातल्या छोट्या गावात सगळे एकत्र अडकले की प्रोफेसरला पळायला जागा नसते, आणि पीएचडीवाल्याला तेच हवं असतं.

आपल्याकडे हे व्हायला हवं असं मी का म्हणते, तर आपले प्रश्न कुणी बाहेरचा येऊन सोडवणार नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, तिन्हीकडे दरडी कोसळल्या. पाऊस मुरत गेला की मातीतलं सक्शन (कणांना धरून ठेवणारी पाण्याची ओढ) जातं, पोअर प्रेशर वाढतं, ताकद घटते, ही गोष्ट पुस्तकात एका पानावर मावते, पण सह्याद्रीच्या उतारावर बेसॉल्ट झिजून झालेल्या त्या मातीचा वॉटर रिटेन्शन कर्व्ह (किती ओढीला माती किती पाणी धरते त्याचा आलेख) नीट मोजायचा म्हटलं की महिनोन्महिने जातात, आणि हे काम एकट्या विद्यार्थ्याचं नाहीच.

माझ्या डोक्यात असलेलं वर्कशॉप असं आहे. खाडीतल्या एकाच बोअरहोलमधून ट्यूब्ज काढायच्या, दोन्ही टोकांना मेण लावून सील करायच्या आणि तीन कॉलेजांत वाटायच्या. प्रत्येक लॅबने आपली टेस्ट करायची, सगळ्यांनी कच्चा डेटा उघडा करायचा. मॉडेलवाल्यांना आधी फक्त कन्सॉलिडेशनचा (दाबाखाली पाणी निघून माती आवळण्याचा) डेटा द्यायचा आणि शिअरचा ग्राफ टेस्ट होण्याआधी काढून दाखवायला सांगायचं, लॅम्ब यांनी १९७३ च्या रँकिन लेक्चरमध्ये ज्याला क्लास ए प्रेडिक्शन म्हटलं तेच. तिन्ही लॅबचे ग्राफ जुळले नाहीत तर दुसरा अख्खा दिवस त्यावरच घालवायचा, कारण फरक ट्रिमिंगमधून (सॅम्पल कापून घडवण्यातून) आला, शिअरच्या वेगातून की सॅच्युरेशनमधून हे शोधणं म्हणजेच ट्रेनिंग. तिसऱ्या दिवशी साइटवर, जिथे पीव्हीडी (पाण्याला वाट देणारे उभे पट्टे) टाकून गाळातलं पाणी काढतात तिथे. पाण्याला बाहेर पडायचं अंतर निम्मं केलं की वेळ साधारण चौथाईवर येतो हे टेरझागींचं गणित सगळ्यांना पाठ असतं, पण पट्टे ठोकताना भोवतालची माती घोळली जाते आणि तो हिशोब बिघडतो, हे रिगच्या शेजारी उभं राहून बघावं.

खर्च फार नाही, ट्यूब्ज, टेम्पो, चहा-जेवण. काकांना विचारलंय, ते सॅम्पल प्रेपरेशन शिकवायला तयार आहेत, फक्त एका वेळी चारच मुलं अशी त्यांची अट आहे. मॉडेलिंगच्या बाजूने कुणी एक दिवस द्यायला तयार असेल तर मला कळवा, पावसाळा संपला की बोअरहोलचं बघता येईल.