तेलवाली बाई

मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरले आणि पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये गेला. अशा वेळी माणसानं हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ हा सिनेमा बघायचा असतो, म्हणून मीही लावला. त्यातल्या जेफचाही पाय प्लास्टरमध्ये, तेवढीच सोबत. विमा कंपनीनं पाठवलेली नर्स स्टेला त्याला पालथा झोपवून तेलानं पाठ चोळत होती आणि तोंडानं बोलणीही देत होती. तेवढ्यात पोळ्यांच्या मावशी पिठाचा डबा विचारायला आत आल्या आणि कणकेचा हात तसाच वर धरून उभ्या राहिल्या.

“चोळतेय बरी हो. नुसतं दाखवायला नाही.”

स्टेला झालेल्या थेल्मा रिटरला सहा वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यातली चार तर १९५० ते १९५३ च्या सिनेमांसाठी लागोपाठ. ऑस्कर एकदाही नाही. मावशींनी मात्र दोन मिनिटांत पावती फाडली.

थेल्मा ब्रुकलिनची. तरुणपणी नाटकांत, मग लग्न, दोन मुलं, मुलांसाठी थांबणं, पुढे रेडिओ. सिनेमात आली ती १९४७ मध्ये, पंचेचाळिशीची होऊन. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये मुलाचं खेळणं शोधून शोधून वैतागलेली एक आई, एवढंच काम. श्रेयनामावलीत नावसुद्धा नव्हतं.

नंतर तिच्या वाट्याला बहुतेक नर्सा, मोलकरणी आणि कुणाच्या तरी आया आल्या. तिचे हात रिकामे असे मला फारसे आठवतच नाहीत. ‘रिअर विंडो’त जेफ अंडी खात बसलाय आणि ही बाजूला उभी राहून, जेफला ज्याच्यावर खुनाचा संशय आहे त्या समोरच्या घरातल्या माणसानं बायकोचे तुकडे कुठे केले असतील याचा विचार करतेय. मोठ्यानं. न्हाणीघरातच, रक्त धुवायला बरं. डाळ शिजायला किती शिट्ट्या लागतील हे सांगावं तसा आवाज. जेफचा घास अडतो. माझाही अडला, कारण माझ्याही पुढ्यात ऑम्लेट होतं.

‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये ती नटी झालेल्या बेटी डेव्हिसची हरकामी बर्डी. चाहती म्हणून आलेल्या ईव्हची करुण कहाणी ऐकून सगळे विरघळतात, टोमणा एकटी बर्डी मारते. आणि मग सिनेमा अर्ध्यावर आला की बर्डी गायबच होते! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढे १९५५ मध्ये टीव्हीवर ‘द केटर्ड अफेअर’ या नाटकात तिला मुख्य भूमिका मिळाली: मुलीचं लग्न थाटात लावायचा हट्ट धरणारी, ब्रॉन्क्समधल्या टॅक्सीवाल्याची बायको. पुढच्याच वर्षी त्याचा सिनेमा झाला आणि ती भूमिका गेली कुणाकडे, तर बेटी डेव्हिसकडे. म्हणजे मालकीणबाईंकडेच.

तरी मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मधली मो. टाय विकणं हे निमित्त. खरा धंदा पोलिसांना खबरा विकण्याचा. पै-पै साठवते ती स्वतःच्या थडग्यासाठी, बेवारशासारखं पुरलं जाऊ नये म्हणून. एका रात्री दमून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते आणि बघते तर मारेकरी खोलीतच. ती ना ओरडत, ना हात जोडत. दमलेय म्हणते. दिवसभर दारोदार हिंडून आलेली बाई जशी बोलेल तशी, पाय दुखत असल्यासारखी. गोळी दिसत नाही, नुसती ऐकू येते. तो सिनेमा मी मावशी काम आटोपून घरी गेल्यावर बघितला, एकटीनं.

प्लास्टर निघायच्या आठवड्यात ‘पिलो टॉक’ लावला. त्यात ती रोज सकाळी आदल्या रात्रीची न उतरलेल्या अवस्थेत कामावर येणारी मोलकरीण आहे. रॉक हडसन तिला दारू पाजून माहिती काढायला जातो आणि शेवटी स्वतःच आडवा होतो. मावशी पदराला हात पुसत दारात येऊन थांबल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या.

“ही ती तेलवालीच ना? तिथलं काम सुटलं वाटतं.”