पंगतीला देणारे, पाइपाला कोण?

रविवार, रात्री उशिरा

पितृपक्ष लागल्यापासून आमच्या, बेघर मनोरुग्ण बायकांच्या आश्रमाचा फोन थांबत नाही. "वडिलांचं श्राद्ध आहे, सगळ्या बायकांना जेवण घालायचंय." एकेका तिथीला तिघं-चौघं तयार. ताई सांगतात, त्या दिवशीचं जेवण ठरलंय हो, बांधकामाला काही देता आलं तर बघा. पलीकडचा आवाज लगेच बारीक होतो. "घरात विचारून कळवतो."

आज पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरलो, तिथेही हाच अनुभव. वर्गणी वरच्या मजल्यासाठी आहे. खाली दोन खाटांमध्ये बादली ठेवली की वाट बंद होते, आणि सकाळी न्हाणीघरापुढची रांग पार अंगणात येते. शहरी बेघरांच्या सरकारी निवाऱ्याला माणशी ५० चौरस फूट जागा धरतात. आमच्याकडे तो हिशोब मांडायची सोय नाही.

बरं, गोडधोडाचं म्हणाल तर बहुतेक जणी मानसिक आजाराच्या गोळ्या घेतात. त्यातल्या काहींनी वजन वाढतं, साखरही वाढते. वर पंधरवडाभर खीर-पुरी. सिस्टर वैतागतात ते उगीच नाही. पण पंगत डोळ्यांना दिसते, वडिलांना पोचलं असं वाटतं, आणि ते समाधान खोटं नसतं. ड्रेनेजच्या पाइपात मात्र कुणाला पितर दिसत नाहीत.

कापडवाल्या काकांनी विचारलं, "बऱ्या झाल्या की घरी पाठवा ना. जागा आपोआप होईल."

प्रश्न रास्त होता. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं कामच ते आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करायचे, घर शोधायचं, नेऊन पोचवायचं. त्याच कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्याकडच्याही काही जणी घरी गेल्या. पण वेळेवर गोळी देणारं कुणी नसलं की बाई पुन्हा स्टँडवर दिसते. आणि काही वर्षं रस्त्यावर काढलेली, त्यात कुणीतरी जबरदस्ती केलेली, कडेवर मूल असलेली बाई परत आली तर दार उघडणारी घरं किती? नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी अशा बायकांना लेकरांसकट सांभाळलं. त्यांची सुरुवात रस्त्यावरच्या मनोरुग्णांना जेवण पोचवण्यापासून झाली होती. डब्यामागोमाग खाट येते, औषध येतं, कधी कधी अंत्यविधीही. रात्री अंग टाकून सकाळी निघून जायचा हा मुक्काम नव्हे.

एवढं सगळं दुकानात उभ्यानं सांगून होत नाही. गिऱ्हाईक आलं की काका तिकडे वळतात. तरी निघताना त्यांनी पाच हजारांची कबुली दिली. रोख देत होते. आयकरात सूट हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही, चेकनं किंवा ऑनलाइन द्यावी लागते, हे मीच सांगितलं. हातात आलेले पैसे परत करताना जीव थोडा खालीवर झाला!

वाळू-खडीवाल्यांनी एक ट्रक खडी द्यायचं कबूल केलंय. त्यांना आईच्या नावाची पाटी हवी आहे, दर्शनी भिंतीवर. तिथे आधीच तीन पाट्या आहेत. नव्या न्हाणीघरांबाहेरची भिंत रिकामी असेल, ती चालेल का, उद्या ताईंना बरोबर घेऊन विचारायचंय.