पिवळी दांडी आडवी आहे का?

बडोद्यात मी पाइपच्या गॅसच्या देखभालीचे काम करतो. गळतीची तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गॅस बंद केला का?", आणि दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात गेल्या महिन्यात जे पाहिले, त्यानंतर या प्रश्नावर माझा भरवसा उरलेला नाही.

फोनवर आजींनी ठामपणे सांगितले होते, "हो भाऊ, गॅस केव्हाच बंद केलाय." नोंदवहीत तसेच उतरले. मी पोहोचलो तेव्हा जिन्यातच वास येत होता. शेगडीची दोन्ही बटणे खरोखरच बंद होती. पण ओट्यामागच्या झडपेची पिवळी दांडी पाइपाच्या रेषेत, म्हणजे पूर्ण उघडी होती. ती आडवी केली, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर साठतो, म्हणून हवेतला वायू मोजणाऱ्या मापकाची नळी छताजवळ धरली. हवेत साधारण 5 टक्के वायू झाला की स्फोटाला ठिणगी पुरते; मापकाने त्या मर्यादेचा पाचवा हिस्सा दाखवला. घर मोकळे झाल्यावर झडप क्षणभर उघडून साबणाचे पाणी लावले, तेव्हा शेगडीच्या तोंडाशी नारिंगी नळीवरच्या नखभर चिरेतून फेस फुगत राहिला.

आजी खोटे बोलल्या नव्हत्या. आपण "गॅसवर दूध ठेव" म्हणतो तेव्हा गॅस म्हणजे शेगडी, "गॅस संपला" म्हणतो तेव्हा इंधन आणि "गॅस आला" म्हणतो तेव्हा दारात उतरवलेला सिलिंडर. आमच्या सुरक्षापत्रकात "उपकरणाची झडप बंद करा" असे छापले आहे. घरात शेगडीला उपकरण कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तरी उपकरणाची झडप म्हणजे उपकरणावरचे बटण, असाच अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात ती झडप भिंतीजवळ, नळीच्याही अलीकडे असते. हे वाक्य लिहिणारा कधी ओट्याशी उभा राहिला नसावा. ते पत्रक मी वर्षानुवर्षे वाटले, याचा त्रास मला अधिक होतो.

आजींना दांडी फिरवून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तुम्हा पाइपवाल्यांची, आपण हात लावायचा नाही, असंच मी समजत होते."

आता मी फोनवर विचारतो, "शेगडीमागची पिवळी दांडी पाइपाला आडवी आहे का?" नोंदवहीतला रकाना मात्र अजून तोच आहे: गॅस बंद, होय किंवा नाही.