पील, शेल, हस्क आणि तोलु तीस्ता

आपल्या बॅचनं शाळेच्या आठवणी लिहायचं ठरवलंय, बाकीचे सगळे गॅदरिंग, सहली, दहावीचा निकाल यावर लिहितीलच, मी आपलं एका इंग्रजी शब्दावर लिहितो. शब्द आहे पील. साल काढणे, झालं, यात लिहिण्यासारखं काय बे असं वाटेल. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि शब्दार्थ म्हणजे वहीच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी, विषय संपला. पण आमचे इंग्रजीचे सर अर्थ लिहूनच द्यायचे नाहीत, आधी विचारायचे, घरी काय काय सोलता रे?

मग काय, वर्ग सुटलाच. केळं, संत्रं, लसूण, बटाटा, सर नुसती मान हलवत होते, पील, पील. शेवटी कोणीतरी शेंगा म्हणालं (सोलापुरात शेंगा येणारच की) आणि सरांनी हात वर केला. शेंगा फोडून दाणे काढले तर ते शेल, मटार पण शेल, नारळाच्या शेंड्या नाहीतर कणसाची पानं काढली तर हस्क, आणि बकरं सोललं तर स्किन. आपण हे सगळं एका 'सोलणे'त भागवतो, इंग्रजांना मात्र दर वस्तूला वेगळं क्रियापद! मग चटणीसाठी दाणे भाजून लाल फोलपटं चोळून पाखडतात त्याला काय म्हणायचं सर? तर ते पण स्किनच. बकरं आणि शेंगदाणा एका रांगेत, हे मला अजून पटलेलं नाही.

आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं बरीच, थोडी कन्नडवाली. घरी आई चिडली की तेलुगूत तोलु तीस्ता, कन्नडमध्ये चर्म सुलीतीनि, आमच्याकडे सोलून काढीन, मतलब एकच. सर म्हणाले इंग्रज आई पण असंच ओरडते पण तिथं स्किन वापरते, पील म्हटलं तर पोरगं घाबरायच्या ऐवजी हसेल.

आणि आपोआप निघतं ते पण पीलच, भिंतीचे पोपडे, उन्हानं भाजलेल्या गोऱ्या नाकाची कातडी. आपण मे महिन्यात नुसते काळवंडतो ते वेगळं. गड्ड्याच्या (म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) गर्दीत ग्रुपमधले दोघं हळूच पाळण्याकडे सटकले तर दे पील्ड ऑफ, हे उदाहरण ऐकून मागचा बाक लई खूश झाला. बेकरीत पाव भट्टीत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं असतं ना, ते पण पील, पण त्याचं मूळ वेगळं, लॅटिनमधल्या फावड्याच्या शब्दातलं. लंडनच्या पोलिसांना पीलर म्हणायचे त्याचा तर सालीशी काही संबंध नाही, 1829 साली ते पोलीस दल उभं करणाऱ्या गृहमंत्र्याचं आडनाव पील, रॉबर्ट पील. पोलीस पण सोलतातच की सर, असं मागून आलं आणि तास तिथंच संपला.

आता मी डाळिंबाच्या धंद्यात आहे. परवा बाहेरच्या पार्टीचा मेल आला, त्यात डाळिंबाच्या सालीला रिंड लिहिलेलं. कलिंगडाच्या जाड सालीला पण रिंडच म्हणतात म्हणे. हा शब्द सरांनी घेतला नव्हता का मीच त्या दिवशी गैरहजर होतो, बॅचमधल्या कोणाच्या वहीत असेल तर कळवा.