आमची वाटचाल : जुनं जपानी पोर्सेलीन

खोट्या 'निप्पॉन'ने, म्हणजे 'निप्पॉन' (जपान) अशी खूण मारलेल्या नकली चिनी मातीच्या मालाने, आमचा गाळा जवळजवळ बंद पाडला होता. ज्याने तो माल आणला त्याचं नाव घेत नाही, या लायनीतले ओळखतील.

धंदा अण्णांचा. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे जाऊन ते लॉट उचलायचे. नंतर मी बसलो. सगळं सुरळीत चाललं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग शेजारच्या गल्लीत तशाच फुलदाण्या निम्म्या भावाने लागल्या. सोनेरी हँडल, गुलाब, खाली हिरवी खूण. गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं, "तुम्ही लुटता." उधारी तुंबली, भाडं थकलं, घरातल्या पाटल्या बँकेत गेल्या.

त्या काळात टिकून राहिल्या त्या पारशी कॉलनीतल्या आंटी. त्या फक्त निप्पॉन घेत. 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून जपान्यांनी 'निप्पॉन' लिहिलं. 1921 मध्ये तिथल्या कस्टम्सने 'जपान'च लिहा म्हणून सांगितलं. मधल्या तीस वर्षांतला पीस आंटींना हवा. फुलं नंतर, आधी बूड बघणार. भिंगही स्वतःचं, अण्णांच्या दहापटीच्या भिंगावर विश्वास नव्हता!

एकदा त्या तिकडची फुलदाणी घेऊन आल्या आणि दुकान भरलेलं असताना आमच्या काउंटरवर उलटी ठेवली. नोरीताके या जपानी कंपनीच्या जुन्या खुणेत पानांच्या वलयात 'एम' असतो, कंपनी काढणाऱ्या मोरिमुरांचा. इथे 'एम'च्या जागी वाळूचं घड्याळ! वजनाला जड, बूड खडूसारखं पांढरं, सोनं कोरं करकरीत. शेजारी आमचा खरा पीस : हँडलवर बोटं लागून लागून सोनं विरलेलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक परतायला लागलं.

नव्याने जमवणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. टिचकी मारा, ठस्स वाजलं तर चीर आहे. अंधारात यूव्ही टॉर्च फिरवा, डागडुजीचा गोंद वेगळा चमकतो. सोनेरी काठाला काथ्या नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. उचलताना हँडलला धरू नका. आणि सात्सुमा या जपानी भांड्यांना पोर्सेलीन म्हणू नका. ती भाजलेली मातीच, बारीक भेगांच्या झिलईची. टवका उडालेला पीस मात्र बिनधास्त घ्या, भाव पाडून.

हल्ली 'ऑक्युपाइड जपान' शिक्क्याला मागणी आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळातला माल. गल्लीतले ते गृहस्थसुद्धा असे पीस तपासायला आता पोरगा पाठवतात आमच्याकडे. तपासून देतो. पैसे आधी घेतो.